पोथीतला स्वल्पविराम

"बघा! तुमच्या ताटातला भात पोटात जाऊन काय होतो, ते डोळ्यांनी बघा!"

मधुहर स्वामींनी काचेचा पेला उंच धरला, तशा बेंगळुरू विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीतल्या पत्र्याच्या मंडपात हजारभर माना एकदम वर झाल्या. पेल्यात भाताची पातळ पेज होती. स्वामींनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि तपकिरी तीर्थाचे चार थेंब तिच्यात सोडले. पांढरी पेज बघता बघता काळीनिळी झाली. बायकांच्या बाजूने "अय्यो!" असा सूर उठला.

"ही साखर! हा तुमचा रोग! आता स्वल्प थांबा." स्वामींनी चिमूटभर चूर्ण टाकून पळी फिरवली. काळिमा विरघळला आणि पेज पुन्हा पांढरी झाली. "गेली! सिद्धांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, ते आज तुमच्या दारी आलं. रोज दोन पुड्या आणि मनात श्रद्धा. गोळ्या, सुया, सगळं त्या विमानतळापलीकडे फेकून द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खांबाला टेकून उभ्या असलेल्या श्रीविद्याचे कान मात्र तापले होते. व्यासपीठामागच्या फलकावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं : 'मोडी पोथीतील दिव्य औषध. संशोधक डॉ. श्रीविद्या राव यांनी प्रमाणित.'

श्रीविद्या बेंगळुरूच्या एका महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवायची. जुन्या मराठी घराण्यांच्या मोडी कागदांतल्या पाककृती आणि औषधं अभ्यासण्याचं काम तिने दोघांबरोबर घेतलं होतं. कागद ती वाचायची. अन्नशास्त्राचा क्षितिज ते पदार्थ करून तपासायचा आणि औषधनिर्माणशास्त्र शिकवणारी चंदना त्यांत खरंच औषधी काही आहे का ते बघायची. दोन महिन्यांपूर्वी अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पोथीच्या दोन पानांचे धुरकट फोटो तिला फोनवर दाखवले होते. "आमच्या स्वामींची आहे गं. काय ते दोन ओळी लिहून दे." परीक्षेच्या पेपरांच्या ढिगातून मान वर न काढता तिने लिहून दिलं, 'लिपी मोडी, भाषा जुन्या वळणाची.' त्या दोन ओळींचा आज फलक झाला होता.

अप्पांच्या घरी परतल्यावर तिने विचारलं, "अप्पा, डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यात का?"

अप्पांचं, म्हणजे नरसिंगरावांचं, चिकपेटेत कापडाचं दुकान होतं आणि बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह होता. ते खुशीत हसले. "तीन आठवडे झाले. उपाशीपोटीची साखर किती आली ठाऊक? ब्याण्णव! बारा वर्षांत दीडशेच्या खाली आली नव्हती. तुमचं शास्त्र आकड्यावर चालतं नं? मग हा आकडा बघ की."

आकडा खरा होता आणि श्रीविद्याला भीती वाटत होती ती त्याचीच.

स्वयंपाकघरात लक्ष्मीदेवी, तिची आई, हळूच म्हणाली, "पहाटे घामानं त्यांचं अंथरूण भिजतं. हात लटलट कापतात. स्वामी म्हणतात, विष बाहेर पडतंय." मग पदराआडून तिने तीन पुड्या काढल्या. "घेऊन जा. त्यांना सांगू नको."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चंदनाने सगळं ऐकलं आणि तिच्या हातातलं पेन थांबलं.

"घाम? हात कापतात? विद्या, हे विष बाहेर पडणं नव्हे. साखर फार खाली गेली की असं होतं."

"पण चूर्णात मेथी, जांभळाची बी, कारलं असतं म्हणे."

"त्यानं एवढं होत नाही. पुड्या ठेव इथं. यंत्र रिकामं व्हायला चार-पाच दिवस लागतील. तोवर अप्पांना पुड्या घेऊ देऊ नको."

क्षितिजला पुण्याहून येऊन तीनच वर्षं झाली होती. त्याने फक्त एवढंच विचारलं, "पेल्यात पेज होती? शुअर?" आणि तो स्वतःशीच हसला. "मग तो पेला माझ्यावर सोड."

त्या संध्याकाळी अप्पा फोनवर पुड्या सोडायला तयार होईनात, तेव्हा श्रीविद्याने स्वामींच्या मठात विकायला ठेवलेली, पोथीच्या पानांचे फोटो जसेच्या तसे छापलेली प्रत उघडली. आता तिच्यापुढे सगळी पानं होती. तिसऱ्याच ओळीवर तिचं बोट अडलं. मेथी, मग एक छोटीशी शेपटी. जांभूळबी, पुन्हा शेपटी. तिने भिंग घेतलं. ते स्वल्पविराम होते! मोडी लिहिणारे जुने कारकून शब्द तोडत नसत. ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग अक्षरं सोडत जायची. स्वल्पविराम मराठीत आला तो इंग्रजी पुस्तकं आणि छापखान्यांच्या काळात. इथे तर शब्दाशब्दांत ऐसपैस जागा होती. ती त्या धुरकट फोटोंतही दिसत असणार, फक्त तिने पाहिली नव्हती. शेवटच्या पानावर कहरच होता : 'हे चूर्ण बिनसाखरेच्या चहासोबत घ्यावे.' साडेतीनशे वर्षांपूर्वीचा सिद्ध मधुमेह्यांना बिनसाखरेचा चहा पाजत होता!

तिला हसू आलं, पण लगेच ते विरलं. हे थोतांड आपल्या नावावर उभं आहे.

रविवारी सकाळी चंदनाचा फोन आला.

"ग्लिबेनक्लामाइड सापडलंय. मधुमेहाची जुनी गोळी, कुटून मिसळलेली. तीन पुड्यांत तीन वेगवेगळी मापं, आणि एकीत तर दोन दिवसांचं औषध भरलंय. औषध नियंत्रण खात्याला मी कळवलं. अप्पांची पुडी आत्ताच्या आत्ता बंद कर."

श्रीविद्याने आई-वडिलांच्या घरी फोन लावला.

"ते सहालाच गेले," आई म्हणाली. "आज बऱ्या झालेल्यांचा सोहळा आहे नं, व्यासपीठावर बसवणार आहेत त्यांना. काल दुपारपासून उपास, पाणीसुद्धा नाही. वर सोहळ्यासाठी दुप्पट पुड्या दिल्यात."

अप्पांचा फोन बंद होता. व्यासपीठावर बसणाऱ्यांचे फोन मठवाले आधीच काढून घेत.

तिघांनी टॅक्सी पकडली. हेब्बाळच्या पुलावर गाड्या इंच इंच सरकत होत्या. श्रीविद्या पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होती. मागे बसलेली चंदना बाटलीत साखर विरघळवत म्हणाली, "शुद्धीवर असले तर हेच पाजायचं. शुद्ध गेली असली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णवाहिका."

ते मंडपाच्या दारात पोहोचले, तेव्हा नरसिंगराव व्यासपीठावर खुर्चीत बसले होते. गळ्यात झेंडूचा हार, समोर माईक. सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

"माझं... माझं दुकान..." ते अडखळले. पुढचा शब्द सापडेना. माईकवरचा हात थरथरला आणि खाली घसरला. नजर समोर खिळली, पण तिच्यात ओळख नव्हती.

"शांत व्हा!" स्वामींनी दोन्ही हात उभारले. "भाग्यवंत पुरुष! यांना समाधी लागली! शरीरातला साखरेचा शेवटचा कण आत्ता मरतोय!"

मंडपाने जयजयकार केला. श्रीविद्या गर्दी चिरत निघाली. दोन सेवेकऱ्यांनी तिच्यापुढे काठी आडवी धरली.

"अक्का, मागं व्हा."

"ते माझे वडील आहेत! सोडा मला!"

गलका ऐकून स्वामींनी वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "अहो, या तर आपल्या पोथीच्या संशोधक बाई! येऊ द्या, येऊ द्या. देवानेच पाठवलं! बाई, दोन शब्द बोला."

काठी बाजूला झाली. श्रीविद्या पायऱ्या चढली आणि तिच्या पाठोपाठ चंदनाही. माईक श्रीविद्याच्या हातात आला, पण तिचं लक्ष अप्पांकडे होतं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. चंदनाने त्यांचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि साखर मोजायचं यंत्र श्रीविद्यापुढे धरलं.

अडतीस.

"अप्पा, ऐकू येतंय? तोंड उघडा. गिळा." चंदनाने पाण्याचे दोन थेंब त्यांच्या ओठांत सोडले. कंठ हलला. "गिळतायत. विद्या, दे ती साखरेची बाटली."

"खबरदार!" स्वामी कडाडले. "साखरेचा थेंब ओठाला लागला तर तप भंगेल! पाप लागेल!"

एका सेवेकऱ्याने बाटली पुढे करणाऱ्या श्रीविद्याचं मनगट धरलं. तिने दुसऱ्या हाताने माईक तोंडाशी नेला.

"ही समाधी नाही. माझ्या वडिलांची साखर अडतीस झाली आहे. आणखी उतरली तर ते मरतील. माझा हात धरणाऱ्याला हे सगळ्यांच्या देखत सांगतेय."

सेवेकऱ्याने स्वामींकडे पाहिलं, मग नरसिंगरावांच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे, आणि हात सोडला.

एक घोट. दुसरा. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं. क्षितिज खाली फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होता. श्रीविद्या अप्पांची बोटं चोळत होती. पाच मिनिटं. दहा. पंधराव्या मिनिटाला चंदनाने पुन्हा बोट टोचलं. चौऱ्याहत्तर.

नरसिंगरावांनी पापण्या उघडझाप केल्या. "विद्या? तू कधी आलीस?"

तिला रडू कोसळलं. पण खालून एक माणूस उठून ओरडत होता, "बाई, तुम्हीच लिहून दिलं होतं नं? फलकावर तुमचंच नाव आहे!"

श्रीविद्याने डोळे पुसले. "हो, मीच लिहून दिलं. दोन पानांचे फोटो बघून, घाईत. माझी चूक झाली, ती मी तुमच्यासमोर मान्य करते. ही पोथी जुनी नाही. हिच्यात स्वल्पविराम आहेत, आणि ते मराठीत आले गेल्या दोनशे वर्षांत. शेवटच्या पानावर चहा प्यायला सांगितलाय. शिवाजीमहाराजांच्या काळात इथे कुणाच्या घरी चहा उकळत होता?"

काही जण हसले. स्वामी पुढे सरसावले. "अक्षरांचं राहू द्या! पेला तर खोटं बोलत नाही!"

"करेक्ट," क्षितिज पायऱ्या चढत म्हणाला. "पेला खोटं बोलत नाही." त्याने टेबलावर दोन पेले ठेवले. एकात स्वामींच्याच भांड्यातली पेज ओतली, दुसऱ्यात पाणी घेऊन चार चमचे साखर ढवळली. मग खिशातून छोटी बाटली काढली. "हे आयोडीन. जखमेला लावतो ना, त्यातलं." पेजेत थेंब पडले आणि ती काळीनिळी झाली. साखरेच्या पाण्यात पडले, तर ते नुसतं पिवळट दिसलं.

"बघितलं? नुसती साखर आहे, पण काळं झालं नाही. आयोडीन ओळखतं पिठूळ पदार्थाला, भाताला, बटाट्याला. साखरेला नाही. आता हे बघा." त्याने औषधाच्या दुकानातली क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी चुरून काळ्या पेजेत टाकली. पळी फिरली आणि पेज पांढरी झाली. "स्वामी पेल्यात टाकतात त्या चूर्णातही असलंच काही आहे. त्यानं आयोडीनचा रंग जातो. पेजेतला भात तिथंच आहे, कुठेही गेला नाही."

पुढच्या रांगेतली एक वयस्क बाई उभी राहिली. भाग्यलक्ष्मी तिचं नाव, हातात पुड्यांची पिशवी. "पण मग माझी साखर उतरली कशी? ते खोटं नाही."

"नाही अक्का, ते खरं आहे," चंदना म्हणाली. "कारण पुडीत डॉक्टरचीच गोळी आहे, कुटून घातलेली. तुम्ही गोळ्या सोडल्याच नाहीत. कुणालाच माप ठाऊक नसलेली गोळी घेताय. आज थोडी, उद्या तिप्पट. तुम्हाला पहाटे घाम येतो?"

भाग्यलक्ष्मीचा चेहरा उतरला. तिने मान हलवली. "आणि छाती धडधडते. मला वाटलं, विष निघतंय."

"कलियुग आहे, भक्तांनो! श्रद्धेची परीक्षा आहे!" स्वामींनी पुन्हा सूर लावला. या वेळी जयजयकार झाला नाही. भाग्यलक्ष्मी पायऱ्या चढून आली, पिशवीतल्या पुड्या तिने चंदनापुढे टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "माझ्याही तपासा." तिच्या मागून एक जण आला. मग आणखी दोघं. जरा वेळाने टेबलावर जागा उरली नाही आणि स्वामींची खुर्ची रिकामी दिसली. मागच्या दाराने निघालेली त्यांची गाडी फाटकाशीच अडली, कारण आत येणाऱ्या रुग्णवाहिकेने रस्ता धरला होता. ती गेल्यावरही लोकांनी गाडीला वाट दिली नाही, आणि औषध नियंत्रण खात्याचे लोक दुपारी आले, तोवर ती तिथेच उभी होती.

नरसिंगरावांची साखर रुग्णालयात आणखी दोनदा घसरली, कारण असलं औषध अंगातून लवकर जात नाही. दोन दिवस सलाइन चाललं. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने हातावर गोळी ठेवली, तेव्हा त्यांनी ती तोंडात टाकली नाही. उजेडात धरून विचारलं, "सिस्टर, हिचं नाव काय? माप किती? आणि मला कशासाठी?"

परिचारिकेने वेष्टनावरची अक्षरं दाखवून एकेक उत्तर दिलं. ऐकून घेऊन त्यांनी गोळी गिळली.

विचारायचं ते एवढंच. यात काय आहे, किती आहे आणि कुणी तपासलं? विचारणारा पदवीधर असायला हवा असं नाही आणि सांगणारा स्वामी आहे की प्राध्यापक, यानेही काही फरक पडत नाही. या प्रश्नांवर जो रागावतो, शाप देतो किंवा श्रद्धा मागतो, त्याच्या हातून चिमूटभर मीठसुद्धा घेऊ नका.