मंदाकिनीचे न मरणारे जीवाणू

विजयादशमीच्या सकाळी, सगळे बंगळूर सणाच्या गडबडीत असताना, माझी विद्यार्थिनी मंदाकिनी हेगडे काचेच्या दोन बशा घेऊन दारात उभी राहिली. दोन्हींवर जीवाणूंच्या वसाहतींचे ठिपके दाटले होते.

"सर, मेले नाहीत," ती म्हणाली. "तीन वर्षांची मेहनत पाण्यात."

अतिनील किरणांनी डीएनएची शेजारची दोन अक्षरे परस्परांना चिकटली, की पेशीतले एक प्रथिन ती वाकलेली जागा हुडकते, दुसरे तेवढा तुकडा कापून काढते, तिसरे समोरच्या धाग्यावरून तो पुन्हा विणते. हे कार्य अहोरात्र, निःशब्दपणे चालते. तीस वर्षे पाहूनही माझे हात आपसूक जुळतात. हुडकणाऱ्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकल्याचा मंदाकिनीचा दावा होता आणि सोमवारी तो परीक्षकांसमोर सिद्ध व्हायचा होता. एका बशीत धडधाकट जीवाणू, दुसरीत तिचे. तिचे मरायलाच हवे होते.

"किरण दिल्यावर बशा कुठे होत्या?"

"पिवळ्या दिव्याच्या खोलीत, नेहमीसारख्या. काळ्या कागदात गुंडाळणार, तेवढ्यात काल आयुधपूजेच्या आरतीला खाली हाक आली. तासाभरानं परत येऊन गुंडाळल्या."

मी प्रयोगशाळेचे जुने सेवक पुट्टस्वामी यांना दूरध्वनी लावला, तिलाही ऐकू येईल असा.

"किरणपेटीला कुंकू लावलंत ना?"

"लावलं की, सर. हारसुद्धा घातला."

"पिवळ्या दिव्यात?"

"त्या कावीळ झालेल्या उजेडात पूजा कशी करणार? पांढऱ्या नळ्या लावल्या. जाताना आठवणीनं बंद केल्या हो."

मंदाकिनीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जीवाणूंपाशी आणखी एक प्रथिन असते. पांढरा प्रकाश मिळताच ते कापाकापी न करता चिकटलेली अक्षरे अलगद सोडवते. पिवळ्या दिव्यात मात्र ते निजूनच राहते.

दुपारी तिने स्वतःच्या जीवाणूंच्या दोन बशांना पुन्हा किरण दिले. एक पांढऱ्या उजेडात ठेवली, दुसरी तत्क्षणी काळ्या कागदात गुंडाळली. सुट्टी असूनही पुट्टस्वामी आंबोडे, म्हणजे डाळवडे, घेऊन आले.

"अम्मा, बिचारे जगले तर तुम्ही रडता, मेले तर हसणार. हे कसलं शिक्षण?"

"अण्णा, तुम्ही आज दिव्याला हात लावू नका, एवढंच करा."

रविवारी सकाळी उजेडातली बशी ठिपक्यांनी भरलेली होती. कागदातली तिने खिडकीपाशी धरली, तिरपी केली, पुन्हा पुन्हा पाहिली. ती नितळ होती. मग तिने फोन उचलला.

"अण्णा, एकही वाचला नाही."



"देवाची कृपा, अम्मा," पुट्टस्वामी जपून म्हणाले.