मेणबत्तीचा उजेड माझा होता

मित्रांनो, ज्याच्याकडे पाहिले की डोळे दिपतात आणि म्हणून ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही, असा चित्रपटांच्या स्टुडिओतला मी एक जुना दिवा आहे. माझे अंग ओतीव धातूचे, आकार धान्याच्या पिंपाएवढा. पुढे वर्तुळाकार खाचांचे जाड भिंग, मागे परावर्तक आणि मधल्या सरकत्या पट्टीवर बल्ब. बल्ब भिंगाजवळ आणला की उजेड पसरतो, मागे नेला की एकवटतो. एवढेच माझे शास्त्र. बाकीचा माझा स्वभाव, आणि स्वभावाला औषध नसते. मी हेवेखोर आहे. हे आधीच सांगितलेले बरे.

कारखान्यात माझी चाचणी झाली, तेव्हा समोरच्या भिंतीवरचा रंग पोळून निघाला. त्याच दिवशी माझी रवानगी स्टुडिओत झाली. तेथील कामगारांनी माझे नाव ‘थोरला’ ठेवले. मी कित्येक वर्षे सूर्य होतो. निळा कागद लावला की चंद्रही होत असे. नायिकेच्या गालावर तेज हवे असले की हाक येई, “अरे, थोरल्याला आणा!” मात्र चित्रपट पाहून घरी जाणारे लोक म्हणत, “काय सुंदर दिसते हो ती!” ती कोणामुळे दिसते, हे कोणी विचारत नसे. मी नायिकेचा हेवा केला, आरशांचा केला, एकदा तर एका पांढऱ्या घोड्याचाही केला. परंतु हे सारे किरकोळ होते. माझी खरी सवत पुढे आली. ती वीतभर उंचीची मेणबत्ती होती.

त्या चित्रपटाची दिग्दर्शिका सर्वांची ताई होती. तिचे वडील चर्चमध्ये पाळक होते. ती स्वतः दर रविवारी उपासनेला जाई आणि सोमवारी येऊन पाठलाग, गोळीबार आणि गाणी चित्रित करी. माझी देखभाल करणारे दिवेवाले मामा त्याच चर्चचे. ताई पुढच्या बाकावर, मामा शेवटच्या. स्टुडिओतील मंडळी दोघांची थट्टा करीत. “मामा, यंदा तरी देवाला सांगून आमचा चित्रपट चालवा की!” मामा म्हणत, “सांगतो. पण आधी तुम्ही वायर नीट गुंडाळायला शिका. देवसुद्धा त्यात अडकून पडेल.”

तो चित्रपट मारामारीचाच होता. एका पोलिसाच्या भावाचा खून होतो आणि तो खुन्याच्या मागावर निघतो. मध्यावर एक प्रसंग होता. रिकाम्या चर्चमध्ये तो पोलीस गुडघे टेकतो आणि आपल्याला क्षमा करता येत नाही, असे देवाला सांगतो. निर्मात्यांना, ज्यांना सारे मालक म्हणत, येथे चमत्कार हवा होता. वेदीमागची खिडकी उजळावी, क्रूस झळाळावा, वाद्ये वाजावीत. ती खिडकी मीच उजळणार होतो. मला उंच मचाणावर चढवले गेले. मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. सूर्यचंद्र नेहमीचेच. आता मी देवाचे उत्तर होणार होतो!

ताईने खाली उभे राहून मान हलवली.

“मालक, खिडकी नको. एक मेणबत्ती, एक माणूस. बास.”

“ताई, लोक तिकीट काढून येतात. देव दिसायला नको का?”

“आजवर मी खोटं रक्त दाखवलं, खोटा पाऊस दाखवला. कधी तक्रार केली नाही. पण देवाला हाक मारली की खिडकीतून लगेच उजेड येतो, हे मी नाही दाखवणार. ज्यांना नाही आला, ते थिएटरात बसलेले असतील. त्यांना काय वाटेल?”

मालकांनी अंगठी फिरवली. “तुमचा एक टेक घ्या. मला पटला तर तुमचा. नाही पटला तर खिडकी माझी, आणि पुढचा चित्रपट दुसऱ्या कोणाचा तरी.”

तिचे सारे काम त्या एका टेकवर टांगले गेले. आणि मी? मी मचाणावरून तिच्या अपयशाची वाट पाहू लागलो.

वेदीवर मेणबत्ती लावण्यात आली. छायालेखक मोजमाप घेऊन म्हणाले, “या उजेडात चेहऱ्याऐवजी नुसता काळोख येईल. थोरल्याला खाली घ्या. खांबामागे लपवा. मेणबत्तीचा उजेड तो देईल.”

माझ्या तोंडावर नारिंगी कागद डकवला. माझा जोर कमी केला. ज्योत थरथरल्यासारखी वाटावी, म्हणून मामांनी माझ्या भिंगापुढे बोटे हलवत राहायचे ठरले. जिला फुंकर घातली तर विझते, तिची सावली व्हायची पाळी माझ्यावर आली! शिवाय ती एकटीही नव्हती. प्रत्येक वेळी तिची उंची सारखी दिसावी म्हणून तिच्यासारख्या बहिणी खोक्यात सज्ज होत्या आणि एक मुलगी पट्टीने त्यांचे माप घेत होती. मी मात्र एकटाच, आणि तोही लपवलेला.

“रुसू नकोस रे थोरल्या,” मामा माझ्या कानाशी, म्हणजे माझ्या स्क्रूशी, पुटपुटले. “घरात कर्त्या माणसाचं असंच असतं.”

टेक सुरू झाला. कॅमेऱ्यात केवळ मेणबत्ती आणि नटाचा चेहरा होता. मामांची बोटे हलत होती आणि त्या चेहऱ्यावर उजेड थरथरत होता. नट हळू आवाजात बोलला, अडखळला, पुन्हा बोलला. शेवटी म्हणाला, “मला जमत नाही. तूच काहीतरी कर.” आणि त्याने डोळे मिटले.

तेवढ्यात मामांच्या तोंडून स्पष्ट शब्द आला, “आमेन.”

जन्मभराची सवय! प्रार्थना संपली की तोंड बोलते, हात जुळतात. मामांचे हातही जुळले. अर्थात बोटे माझ्या भिंगासमोरून दूर झाली. थरथर थांबली आणि नटाचा चेहरा एकदम स्थिर उजेडात न्हाला. नटाने दचकून डोळे उघडले आणि वळून पाहिले.

“कट! कोण बोललं?” ध्वनिमुद्रक कानावरची यंत्रे उपटत ओरडला.

मामा खांबामागून बाहेर आले. “ताई, चुकलो. मला वाटलं... मी विसरूनच गेलो की हे नाटक आहे.”

मालक मात्र खुर्चीतून उठले होते. “तो उजेड कसा आला? हेच तर मी मागत होतो! उत्तर आलं की! तेवढं आमेन पुसून टाका.”

ताई म्हणाली, “आमेन राहील. माझी आई गेली तेव्हा मी पुष्कळ मागणं केलं होतं. काही उजळलं नाही. पण मागच्या बाकावरून कोणीतरी आमेन म्हणालं, आणि मी उठून घरी जाऊ शकले. मला एवढंच उत्तर मिळालं, मालक. मी एवढंच दाखवीन.”

“पण बोललं कोण, हे लोकांना कळणार नाही.”

“तो वळून बघतोय ना? त्यालाही कळलेलं नाही.”

मालकांनी अंगठी फिरवणे थांबवले. “ठीक आहे. पण हा मामा पुन्हा सेटवर प्रार्थना करणार असेल, तर मला आधी सांगा.”

टेक राहिला, ताई राहिली आणि चित्रपट चालला. वर्तमानपत्रांनी लिहिले, ‘केवळ एका मेणबत्तीच्या प्रकाशात खुललेला अविस्मरणीय प्रसंग.’ तो अंक कोणीतरी मोठ्याने वाचला, तेव्हा माझा बल्ब तडकायचाच राहिला. मामा ते ऐकून शांतपणे वायर गुंडाळत राहिले. त्यांचेही नाव कोठे छापले नव्हते. त्यांना त्याचे काहीच कसे वाटत नाही, याचाही मला हेवा वाटला, आणि हा हेवा इतर सर्वांहून अधिक टोचतो.

पुढे थंड, हलके, कमी वीज खाणारे दिवे आले. मामा निवृत्त झाले. मी गोदामात आहे. माझी तक्रार नाही, असे म्हणणार नाही; तक्रार आहे. मित्रांनो, वस्तू कामाने झिजते, पण दुर्लक्षाने कुजते. माझ्या बल्बचा तंतू अजून शाबूत आहे. एखाद्या शाळेने नेले तर उजेड पसरतो कसा आणि एकवटतो कसा, हे मी तुम्हाला भिंतीवर दाखवू शकेन. तुमच्यापैकी कोणी आलेच, तर माझे भिंग कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्याने पुसा. चाकूने खरवडू नका, चरे पडतात. खरवडण्यासारखे आहे खरे, कारण कोणीतरी उरलेल्या मेणबत्त्यांचे खोके माझ्याच डोक्यावर ठेवले आहे आणि उन्हाळ्यात त्यांचे मेण माझ्या तोंडावर ओघळते.

भिंग नाही पुसलेत तरी चालेल. तेवढे ते खोके दुसरीकडे हलवा.