चार जन्मांचं पाणी

खोकं ओसरीवर येऊन चार दिवस झाले होते आणि आतली वस्तू सोडून बाकी सगळ्याची वाटणी होऊन गेली होती. पुठ्ठा धुरपदाबाईंना हवा होता, वाकळा ठेवायला. थर्माकोल निकिताला हवा होता, कॉलेजात प्रतिकृती करायला. वरची पट्टी सुद्धा बोलून ठेवली होती, ती वाळवणाच्या दोरीला जोडायची होती. आत कपडे धुवायचं मशीन होतं, ते तेवढं कुणाला नको होतं. म्हणजे दीपमालाला हवं होतं. पण तिला काय हवंय हे विचारायची वेळ त्या घरात एकवीस वर्षांत आली नव्हती, तेव्हा आत्ताच कुणाला कसं सुचावं?

मशीन पाठवलं होतं रणधीरनं, तिच्या नवऱ्यानं. महिनाभरापूर्वी तो तिला उमरग्यातल्याच एका डॉक्टरांकडं घेऊन गेला होता. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, वेणी घालताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, पिळायचं आणि जड उचलायचं आजपासून बंद, न्हायतर हा हात असाच आखडून बसेल. रणधीरला ते लागलं. त्यानं दुकानात जाऊन मशीन सांगितलं आणि नळदुर्गकडच्या टोलनाक्यावर आपल्या ड्युटीवर निघून गेला. घरी आईनं, म्हणजे धुरपदाबाईंनी, आणि लेकीनं, निकितानं, नाक मुरडलंय हे कळल्यावर त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "तुमी तिघी मिळून ठरवा." भला माणूस होता, पण भली माणसं अशा वेळी नेमकी ड्युटीवर असतात.

तिघींत दोन मतं एका बाजूला होती.

धुरपदाबाईंनी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती, आणि हंडाभर पाण्यासाठी दोन कोस चालल्या होत्या. पाणी सांडलं की त्या हातातलं टाकून टिपायला धावायच्या, ते नाटक नव्हतं. नळ आठवड्यातनं एकदा यायचा, आणि या घरात पाण्याला चार जन्म होते. आंघोळीचं पाणी टबात धरायचं, ते कपड्यांच्या पहिल्या हाताला, कपड्यांचं फरशीला, आणि फरशीचं परसातल्या पपईला. शिस्त धुरपदाबाईंची. एका जन्मातनं दुसऱ्या जन्मात पाणी नेणारी बादली मात्र दीपमालाच्या हातात.

निकिताला हे सगळं पूर्वी कंजूषपणाचं वाटायचं. आजी-नातीची रोज एक चकमक ठरलेली. शांपूच्या पुड्यांवरनं, चालू राहिलेल्या पंख्यावरनं, काहीही चालायचं. मग कॉलेजात 'कमी पाण्याचं घर' नावाची स्पर्धा निघाली आणि पोरीला एका रात्रीत आजी सापडली. तिनं न्हाणीच्या दारावर 'माणशी एक बादली' असा कागद चिकटवला. आजीचे व्हिडिओ काढले. व्हिडिओत आजी बोलायची आणि खाली दोन हात कपडे पिळताना दिसायचे. हात कुणाचे, हे कुणी विचारलं नाही.

"मशीन एका दमात किती पाणी पितंय, ठावं हाय का?" धुरपदाबाई म्हणायच्या.

"आणि लाइट वेगळी," निकिता जोडायची.

दीपमालाला यातलं एकही खोटं म्हणता येत नव्हतं. तिथंच तिची पंचाईत होती. सासू वाईट असती तर भांडता आलं असतं, पोरगी आळशी असती तर दोन शब्द सुनावता आले असते. दोघीही बरोबर होत्या, आणि त्या दोघींच्या बरोबर असण्याचा भार तिच्या एका खांद्यावर होता. कधी कधी तिला माकणीचं माहेर आठवायचं. धरणाच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून ती साड्या नुसत्या सोडून द्यायची आणि पाणीच त्या धुवायचं. आता ती आठवण सुद्धा उधळपट्टी वाटायची.

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या मॅडम घर बघायला येणार होत्या. त्याच दिवशी दुपारी दुकानातला बंडप्पा येणार होता, मशीन जोडायला नाहीतर परत न्यायला. बुधवारी संध्याकाळी दीपमालानं धीर केला.

"निके, मॅडम येऊन जाऊ देत. मग खोलूया की खोकं."

निकितानं मोबाइल बाजूला ठेवला. "आई, ते खोटं होईल. आज दाखवायचं आमच्याकडं मशीन न्हाय, आणि उद्या लावायचं?"

एवढी खरी लेक आपल्या पोटी जन्मली याचं दीपमालाला कौतुकही वाटलं आणि रडूही आलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि डाव्या हातानं भाकऱ्या थापत बसली.

मॅडम आल्या, बरोबर निकिताच्या वर्गातल्या दोन मुली. घट बसायला चार दिवस होते, तेव्हा घरातल्या सगळ्या चादरी, पडदे, अंथरुणं धुवायला काढलेली. धुण्याच्या दगडाशेजारी ढीगच होता. मॅडमना तेच हवं होतं. धुरपदाबाई नवं लुगडं नेसून बाजेवर बसल्या होत्या आणि दुष्काळ सांगत होत्या. निकिता पाण्याचे चार जन्म समजावत होती. दीपमाला चादरी आपटत होती. तीन पिळून झाल्यावर खांद्यातनं जी कळ निघाली ती थेट बोटांपर्यंत गेली.

"आणि आता हे पाणी कुठं जाणार?" मॅडमनी मोबाइल पुढं धरत विचारलं.

"आई, दाखव ना," निकिता म्हणाली.

दीपमालानं टब उचलला. कमरेपर्यंत आला. तिथं उजव्या हातानं साथ सोडली. टब फरशीवर पडला आणि दुसऱ्या जन्मातलं सगळं पाणी तिसऱ्या-चौथ्याची वाट न बघता फाटकाकडं धावलं.

"पाणी, पाणी," धुरपदाबाई बाजेवरनं उठल्याच. निकितानं फडकं फेकलं, दोन मुलींनी पायपुसणी आणली. मॅडम सुद्धा पदर खोचून खाली बसल्या. पाच बायका गुडघ्यांवर बसून पाणी टिपत होत्या, बादलीत पिळत होत्या, जमेल तेवढं वाचवत होत्या. दीपमाला मधोमध उभी होती, उजवा हात डाव्या हातात धरून. तिला काही लागलं का, हे विचारायचं पाचही जणींच्या राहून गेलं. तिला राग आला नाही, एकटं वाटलं. आणि ते रागाहून वाईट होतं.

फाटकाशी बंडप्पा उभा होता, ठरल्या वेळेच्या आधीच. "ताई, खोलू का नेऊ?"

"न्या," निकिता म्हणाली. मॅडम ऐकत होत्या, त्यामुळं जरा मोठ्यानंच.

"खोला," दीपमाला म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. आवाज कुठनं आला, हेच आधी कुणाच्या ध्यानात येईना.

"आत्या, माझा हात वर जात न्हाय," ती म्हणाली. "महिना झाला. पिळलं तर कायमचा जाईल म्हणलेत डॉक्टर. तुमाला दोघींना ठावं हाय ते. खोला, बंडप्पा."

मॅडम उठल्या, साडी झटकली. तब्येत आधी, असं काहीतरी पुटपुटल्या आणि मुलींना घेऊन लगबगीनं निघाल्या. निकिताचे डोळे भरले होते. स्पर्धेसाठी की आईसाठी, ते तिचं तिलाही कळलं नसेल. धुरपदाबाईंनी हातातलं फडकं बादलीत शेवटपर्यंत पिळलं. मग बंडप्पाला म्हणाल्या, "पुठ्ठा फाडू नगं, अलगद काढ."

मशीन बाहेर निघालं. पांढरंशुभ्र, कोरं. बंडप्पानं ते न्हाणीजवळ बसवलं, वायर जोडली, झाकण उघडलं. दीपमालानं त्याच्या कडेवरनं हात फिरवला. उद्या सकाळी आपण न रडता वेणी घालू, असं तिला उगीच वाटून गेलं.

बंडप्पानं नळी हातात घेऊन नळ सोडला. नळानं नुसता फुस्स आवाज केला.

"नळाला पाणी?"

"रविवारी येतंय," निकिता म्हणाली.

"वर टाकी?"

"न्हाय. ते बॅरल हाय कोपऱ्यात."

"मग हरकत न्हाय ताई, हितं बहुतेक घरात असंच चालतंय," बंडप्पा नळी गुंडाळत म्हणाला. "वरनं बादलीनं भरायचं. चार-पाच बादल्या लागतील. आणा, चालवून दावतो."

कुणी हललं नाही. मग बंडप्पानं, धुरपदाबाईंनी आणि निकितानं, तिघांनीही सवयीनं दीपमालाकडं बघितलं.

आणि दीपमालाही, सवयीनंच, बादली घेऊन बॅरलकडं निघाली. डाव्या हातानं.