पांढरा पडदा प्रसन्न दिसतो

तिचं कागदावरचं नाव शाळेतल्या बाईंनाही चटकन आठवत नसे. सगळे तिला भोंगा म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी हजेरीला ‘हजर’सुद्धा ओठांतल्या ओठांत चावायची. मग वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काय आला, नळाचा वॉशर गेल्यासारखं झालं. थांबेचना. जिन्यात बोले, जेवताना बोले, तोंडात ब्रश असताना बोले. रविवारच्या ‘मन मोकळं करू या’ मेळाव्याचं निवेदन कोण करणार असं विचारल्यावर बाकीच्यांनी माना खाली घातल्या, ही सरळ उभीच राहिली.

मेळावा काढला होता औषधवाल्या काकांनी. त्यांच्या दुकानात लोक मनाच्या आजारावरची गोळी घ्यायला येत तेव्हा आधी इकडेतिकडे बघत, मग उगीच खोकल्याचं औषध मागत, आणि गर्दी पांगली की खरी चिठ्ठी हळूच पुढे सरकवत. खोकल्याच्या बाटल्यांचा खप असा, की अख्ख्या वस्तीला डांग्या खोकला झालाय असं वाटावं. काका म्हणाले, आता पुरे, सगळ्यांना एकदा हॉलमध्ये बसवून बोलूच. डॉक्टरीणबाई चित्रं दाखवून समजावतील, आणि मग या आजारातून गेलेली, आपल्यातलीच एक व्यक्ती बोलेल. अर्थात पडद्यामागून.

ती व्यक्ती कोण, हे म्हणे फक्त डॉक्टरीणबाईंना ठाऊक. मागच्या दाराने यायचं, मागच्याच दाराने जायचं. आवाज ओळखू येऊ नये म्हणून साउंडवाल्याने माइकला असं यंत्र जोडलं होतं, की त्यातून मांजर बोललं तरी म्हैस बोलल्यासारखं वाटे. बंदोबस्त एकदम चोख. फक्त काकांनी आणलेला पडदा काळाकुट्ट होता. हे बघून लोक सांत्वनाला आल्यासारखे बसतील, असं भोंगाचं म्हणणं पडलं. प्रसन्न काहीतरी हवं. तिने घरून पांढरीशुभ्र चादर आणून ताणून बांधली, सगळ्यांनी वा वा केली. बोलणाऱ्याला कागद वाचता यावा म्हणून मागे टेबललॅम्प ठेवला, तोही तिनेच. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या असताना, कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आईने यावं म्हणून भोंगाने आठवडाभर भुणभुण लावली होती. आई शाळेची बस चालवायची. पोरांची बसमावशी. अंबाड्यात सदानकदा एक पेन्सिल खोचलेली, चढलेल्या पोरांची खूण करायला. लग्नाला गेली तरी ती पेन्सिल काढायचं विसरे. बसमध्ये तिचे विनोद इतके चालत की पोरं उतरायला कुरकुरत. पण रविवारी म्हणे गॅरेजात ब्रेक बघायला जायचं होतं. भोंगा फुरंगटली. लेकीपेक्षा ब्रेक मोठे झाले.

हॉल भरला. पुढच्या रांगेत चिल्लीपिल्ली, मागे आईबाप, दाराजवळच्या खुर्चीत भोंगाचे बाबा. ते सारखे घड्याळ बघत होते. चित्रं दिसावीत म्हणून खिडक्या लावल्या, दिवे मालवले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं झालं. मग भोंगाने आवाजात जेवढा भारदस्तपणा होता तेवढा ओतून ‘आपल्यातलीच एक व्यक्ती’ म्हणून घोषणा केली आणि ती पडद्याच्या कडेला उभी राहिली. मागे कुणीतरी लॅम्प लावला.

म्हशीचा आवाज आला तसे दोघेतिघे फिदीफिदी हसले. पुढच्याच वाक्याला गप्प झाले.

‘‘मला सकाळी दात घासायचे म्हटलं तरी डोंगर चढायचाय असं वाटायचं,’’ आवाज म्हणाला. ‘‘रडूही यायचं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.’’

भोंगाला वाटलं, किती छान बोलतेय ही व्यक्ती. आवाज सांगत होता, इस्पितळात राहावं लागलं, दोनेक महिने. घरी मुलगी लहान होती, तिला सांगितलं की ट्रेनिंगला चाललेय. परत आल्यावर मुलीने विचारलं, तिथे तुला जेवायला देत नव्हते का गं?

भोंगा चमकली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. हे वाक्य तिचं होतं.

तिने पडद्याकडे पाहिलं. इतका वेळ तिथे नुसता एक राखाडी ठिपका हलत होता. आता बोलणारी कागद वाचायला पुढे सरकली, पडद्याच्या अगदी जवळ, आणि पांढऱ्याशुभ्र प्रसन्न चादरीवर काळी कुळकुळीत आकृती उमटली. नाक. हनुवटी. अंबाडा. अंबाड्यात आडवी खोचलेली पेन्सिल.

‘‘बसमावशी,’’ पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आनंदाने म्हणाली.

हॉलभर खुर्च्या करकरल्या. कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. बाबा उठून उभे राहिले होते, आणि त्यांचा चेहरा बघून भोंगाला कळलं की त्यांना सगळं ठाऊक होतं, कायमच. पडद्यामागे आई शांतपणे वाचत होती. यंत्राचा आवाज तिच्या कानाशीच इतका घुमत होता की बाहेरचं तिला काही ऐकू येत नव्हतं. अख्ख्या वस्तीसमोर आपण दिसतोय, हे अख्ख्या वस्तीत फक्त तिलाच माहीत नव्हतं. आणि समोर बसले होते तेच आईबाप, ज्यांची पोरं ती रोज नेत होती. त्यांच्यातल्या चौघांनी जरी शाळेत जाऊन तक्रार केली, तरी आईच्या हातून बस जाणार.

भोंगाला काही सुचेना. वायर पायाशी होती, ती तिने पायानेच ओढली. लॅम्प विझला. गडद अंधार.

‘‘लाइट गेली का?’’ म्हैस म्हणाली.

कुणी हसलं नाही. अंधारातून चष्मेवाल्या वहिनींचा आवाज आला. त्यांचं चष्म्याचं दुकान, आणि ती चिमुरडी त्यांचीच नात. त्या म्हणाल्या, ‘‘मला एवढंच विचारायचंय. उद्या सकाळी आमची पोरं कुणाच्या भरवशावर पाठवायची?’’

नुसता माइकमधून श्वास. मग खट् करून यंत्र बंद झालं, चादर बाजूला झाली, आणि आईचा स्वतःचा, बसमधला आवाज आला.

‘‘माझ्या. तेव्हा मी आजारी पडले, तर बसची किल्ली मी आपण होऊन शाळेत नेऊन दिली होती. कुणी मागितली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी चालव म्हटल्यावरच परत घेतली. आता रोज एक गोळी घेते आणि बस चालवते. अजून काही विचारायचं असेल तर विचारा.’’

कुणीतरी खिडकी उघडली. उजेडात सगळे एकमेकांना टाळू लागले. एक गृहस्थ मुलाला बखोटीला धरून निघून गेले. औषधवाले काका खुणा करत होते, आभार मान, आभार मान. पण ती स्पर्धा जिंकल्यापासून पहिल्यांदाच भोंग्यातून आवाज निघत नव्हता. आई तिच्याजवळ आली. भोंगाच्या डोक्यात शंभर प्रश्न होते. तोंडातून एकच निघाला.

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तू सगळीकडे बोलतेस गं,’’ आई म्हणाली. मग म्हणाली, ‘‘नाही, ते कारण नाही. लाज वाटली.’’

सोमवारी भोंगा बसमध्ये पुढच्या सीटवर, आईच्या शेजारी बसली. पहिल्या थांब्यावर कुणीच नव्हतं. आईने हॉर्न दिला, वाट पाहिली, गिअर टाकला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण विनोदही केला नाही. दुसऱ्या थांब्यावर दोघं चढली, तिसरा लांबूनच रिक्षात बसताना दिसला.

पुढच्या थांब्यावर चष्मेवाल्या वहिनी नातीचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. दार उघडलं. त्या तिला चढूही देईनात आणि बाजूलाही होईनात. त्यांनी आईकडे रोखून पाहिलं आणि सगळ्या पोरांसमोर विचारलं, ‘‘ताई, गोळी घेतलीत?’’

भोंगाला धक्काच बसला. असं कुणी तोंडावर विचारतं का?

‘‘घेतली,’’ आई म्हणाली. ‘‘तुम्ही बीपीची घेतलीत?’’

‘‘अगं बाई, राहिलीच,’’ असं म्हणून वहिनींनी नातीचा हात सोडला, आणि त्या लगबगीने घराकडे वळल्या.