गोंडपिपरीचा चावरा फ्लॅश

मी एक जुना, मोडका आणि चावरा फ्लॅश आहे. हसू नका मित्रांनो. कुत्रा चावतो, विंचू चावतो, तसा मीही चावतो. माझ्या पोटात चार सेल बसतात. सेलचा जोर तो कितीसा! पण मी तो घोट घोट पितो, कुईंऽ करत पोटातल्या डबीत साठवतो. पाठीवरचा तांबडा दिवा लागला की समजावं, आता याच्या वाटेला जाऊ नये. तेव्हा माझ्यात तीनशे व्होल्ट असतात, घरातल्या विजेपेक्षाही जास्त.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तिथून चंद्रपूरच्या दुकानात आणि तिथून श्रावणभाऊ रामटेके यांच्या पिशवीत बसून मी गोंडपिपरीला आलो. बस स्टँडसमोर त्यांचा ‘संघमित्रा फोटो स्टुडिओ’ होता. तिथे माझी सोयरीक एका पेटीसारख्या कॅमेऱ्याशी जुळली. त्याला दोन भिंगं होती, एक वर, एक खाली. सगळा लोखंड-पितळेचा गडी. माझ्या अंगातून एक वायर निघायची, ती त्याच्या बाजूच्या भोकात बसायची. त्याचं झाकण उघडलं रे उघडलं की मी भडकायचो. वायरीतून माझा झटका दर वेळी त्याच्या अंगात जायचा, पण तो जाड कातडीचा. त्यानं कधी हूं की चूं केलं नाही.

आमची बारा वर्षं अशी गेली. लग्नं काढली, बारशी काढली. पण खरं सांगू? आम्हाला बोलावणं यायचं ते मेलेल्यांसाठी. पोलिसांकडे फोटोवाला नव्हता. झाडाला कुणी लटकलं, कुऱ्हाडीनं भावानं भावाला तोडलं, जळालेली सून, नदीत फुगलेला म्हातारा, की जीप स्टुडिओसमोर थांबायची. इतकं रक्त पाहिलं मी की लग्नातला कुंकवाचा करंडा दिसला तरी दचकायचो. आणि वाघाचे बळी तर किती! श्रावणभाऊ प्रत्येक वेळी वाकून नीट बघायचे. म्हणायचे, “वाघ सही करून जाते. मानेवर चार सुळे रुततेत अन् खायले सुरुवात मागून करते.” ते बोलणं माझ्या ध्यानात राहिलं.

मग शहाऐंशी साल उजाडलं आणि आमच्या घरात नवा जावई आला.

श्रावणभाऊंनी नागपूरहून नवा कॅमेरा आणला. काळा, हलका, सगळा बॅटरीवर चालणारा. त्याच्या डोक्यावरच फ्लॅश बसवायची खाच होती. वायर नको, काही नको. दुकानदार म्हणाला होता, “भाईसाब, इस पे पुराना फ्लॅश मत लगाना.” श्रावणभाऊंना वाटलं, हा आपला नवा फ्लॅश गळ्यात मारतो. घरी येऊन त्यांनी माझा पाय त्या खाचेत सरकवून पाहिला. फिट्ट बसला! ते खूश झाले. अहो, पाय खाचेत बसला म्हणजे सोयरीक झाली का? माझ्या अंगात काय भरलंय ते त्या बिचाऱ्याच्या नाजूक तारांना सोसणार आहे का, हे कोण विचारणार? मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी एक बाई धापा टाकत स्टुडिओत शिरली. तिचं नाव रुखमा. सात किलोमीटरवरच्या टोल्यातून, दहा-बारा झोपड्यांच्या वस्तीतून, ती धावत आली होती. पायात काही नव्हतं, आणि टाचेतून रक्त येत होतं.

“भाऊ, माह्या मानसाले मारलं,” ती म्हणाली.

तिचा नवरा लटारू. जंगलात लाकूडतोडीला जायचा. आठ दिवसांपूर्वी त्यानं ठेकेदाराच्या ट्रकमध्ये बिनशिक्क्याचं सागवान चढताना पाहिलं आणि वनरक्षकाला सांगितलं. तोडलेल्या झाडाच्या बुडावर सरकारी हातोड्याचा शिक्का नसला तर ती चोरी. ही चुगली ठेकेदाराच्या दिवाणजीच्या, वामनरावाच्या, कानावर गेली. परवा लटारू जंगलातून परत आला नाही. काल वामनरावाच्या माणसांनीच प्रेत घरी आणून टाकलं आणि सांगितलं, वाघानं मारलं.

“ठाण्यात गेल्ती मी. जीप सिरोंच्याकडे गेली म्हंतेत, संध्याकाळी येईन. अन् तो वामनराव दुपारीच जाळून टाका म्हणून राह्यला. लाकडं फोडून राह्यले तिथी. जीप येईपर्यंत राख होऊन जाईन भाऊ! तुम्ही लय वाघाचे मेलेले पाह्यले. एकडाव येऊन पाहा.”

वामनरावाला ओळखत नाही असा माणूस त्या भागात नव्हता. तरी श्रावणभाऊंनी नवा कॅमेरा घेतला, मला घेतलं, आणि दारातून परत वळून जुना पेटी-कॅमेराही पिशवीत टाकला. नव्यावर अजून पुरता भरवसा नव्हता. जुन्यात पाच फोटो उरले होते, पण माझी वायर बसायचं त्याचं भोक गेल्या वर्षीच तुटलं होतं. रुखमाला सायकलवर मागे बसवून ते निघाले.

टोल्यात आम्ही मागच्या कुंपणातून शिरलो आणि मागचा कूड वाकवून झोपडीत आलो. पुढे मोहाच्या झाडाखाली वामनराव दोन गडी घेऊन बसला होता आणि कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. झोपडीला खिडकी नाही, भर दिवसा आत काळोख. पुढचं दार उघडावं तर ते बघणार. डोळे अंधाराला सरावले तसा जमिनीवर पडलेला लटारू दिसला.

मित्रांनो, मी खूप पाहिलं आहे, पण तसं नाही. नडग्या काळ्यानिळ्या, गुडघ्याची वाटी सरकलेली. डोकं मागून फुटलेलं. पोटावर नखांसारखे ओरखडे होते, पण ते विळ्याने ओढलेले, सरळ रेघेत. मानेवर सुळ्याची एक खूण नाही. श्रावणभाऊंनी त्याचे हात उचलले. दोन्ही मनगटांवर दोराचे करकचून वळ उठले होते, गाठीचा ठसासुद्धा दिसत होता.

“वाघाले गाठ मारता येत नाई,” श्रावणभाऊ हळूच म्हणाले. रुखमानं तोंडात पदर कोंबला.

त्यांनी मला नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलं. मी कुईं करत भरलो. तांबडा दिवा लागला. त्यांनी बटण दाबलं.

मी भडकलो, आणि माझा सगळा झटका त्या पोराच्या नाजूक तारांत शिरला. आतून ‘चट्’ असा आवाज आला. जळका वास आला. त्याचा आरसा अर्धा वर जाऊन तिथेच अडकला. श्रावणभाऊंनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मेला तो! माझ्या हातून खून झाला, खून झालेल्या माणसाच्या उशाशी दुसरा खून.

“काय झालं भाऊ?”

“जळला वं.” श्रावणभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. “दुकानदार सांगून राह्यला होता. मी शहाणा!”

बाहेर कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता. लाकडं फोडून झाली होती. श्रावणभाऊंनी पिशवीतून जुना पेटी-कॅमेरा काढला, उलट्या मडक्यावर ठेवला आणि मला रुखमाच्या हातात दिलं.

“आयक बाई. मी याचा डोळा उघडून धरतो. इथी अंधारच हाये, काही उमटणार नाई. मी ‘हां’ म्हटलं का तू हे बाजूचं बटण दाब. उजेड पडला का मी डोळा बंद करतो. वायर-बियर काही नाई लागत. फक्त सांभाळून धर, हा चावते.”

“चावू दे,” रुखमा म्हणाली. “वाघ चावला म्हंतेत तं हाही चावू दे.”

“डोळे मीट, चमकशीन.”

“नाई मिटत.”

तिचा अंगठा माझ्या बटणावर आला. घामानं ओला होता. “हां,” श्रावणभाऊ म्हणाले, आणि तिनं दाबलं. तिच्या नवऱ्याची वळ उठलेली मनगटं लख्ख उजळली. मी भरेपर्यंत ती माझ्या तांबड्या दिव्याकडे टक लावून बसायची. दुसरा फोटो मानेचा, तिसरा नडग्यांचा, चौथा डोक्याचा, पाचवा पुन्हा मनगटांचा. आयुष्यात मी इतका इमानानं कधी जळलो नाही.

पण झोपडीची भिंत कुडाची. तिच्या फटींतून माझा उजेड सहा वेळा बाहेर सांडला होता.

“आत वीज काऊन चमकून राह्यली बे?” मोहाखालून वामनराव ओरडला.

श्रावणभाऊंनी भराभर रोल गुंडाळला, काढला आणि रुखमाच्या हातात कोंबला. तिनं तो लुगड्याच्या ओच्यात खोचला. एवढ्यात दार लाथेनं उघडलं. पहिला कुऱ्हाडीचा दांडा श्रावणभाऊंच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वाळकी काटकी मोडावी तसा आला. दुसरा पाठीवर, तिसरा कानावर. ते लटारूच्या शेजारीच आडवे झाले. रुखमाला एकानं झिंज्या धरून कोपऱ्यात फेकलं.

“फोटो कुठी आहे?” वामनराव किंचाळला. त्यानं नवा कॅमेरा जमिनीवर आपटला आणि त्यातली फिल्म बाहेर ओढली. मग जुना उघडला, तर तो रिकामा. त्याचं डोकं फिरलं. तेवढ्यात त्याला मी दिसलो, तांबडा दिवा लावून बसलेला.

“याच्यातूनच उजेड निघत होता ना? मंग फोटो याच्यातच असन!”

अरे वा रे शहाणा! सागवान चोरणं कळतं, माणूस मारणं कळतं, आणि उजेड कुणाचा आणि फोटो कुणात, एवढं कळत नाही! त्यानं मला दांड्यानं ठेचलं. माझी काच फुटली, टोपण उडालं. मग त्यानं माझ्या फुटक्या पोटात चार बोटं घातली आणि फोटो शोधू लागला.

मी शेवटचा चावलो. होतं नव्हतं ते सगळं ओतलं.

“मेलो वं मायऽ!” करत वामनराव उताणा पडला. त्याचे गडी दांडे टाकून त्याच्याकडे धावले. भूत आहे, भूत आहे, असं त्यातला एक ओरडू लागला. त्या गोंधळात रुखमा मागच्या कुंपणातून निसटली आणि ओचा घट्ट धरून डांबरी सडकेपर्यंत पळत सुटली. सडकेवर तिला सिरोंच्याकडून ठरल्यापेक्षा लवकर परतणारी पोलिसांची जीपच भेटली. ती जीपसमोर आडवी पडली म्हणतात. लटारूची चिता त्या दिवशी पेटली नाही. श्रावणभाऊ वाचले, पण त्यांचा डावा हात पुन्हा सरळ झाला नाही.

चंद्रपूरच्या कोर्टात खटला चालला. मनगटांचे दोन्ही फोटो इतके साफ आले होते की दोराचा पीळ मोजता येत होता. वामनराव आणि त्याचे दोन गडी जन्मठेपेला गेले.

आता मी स्टुडिओच्या कपाटात असतो. माझ्याच शेजारी तो नवा कॅमेरा पडला आहे, आरसा अर्धा उचललेला. त्याची माझी दृष्टादृष्ट होते तेव्हा मी नजर चुकवतो. मित्रांनो, मी त्याचा दुश्मन नव्हतो. आम्हाला जोडणाऱ्यानं फक्त विचारायला हवं होतं. म्हणून हात जोडून सांगतो, कुणालाही कुणाशी जोडण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते विचारा. नुसता पाय बसला म्हणून भुलू नका. आणि जुन्या फ्लॅशच्या पोटात बोटं घालू नका, मग तुमची नियत कितीही चांगली असो.

आणखी एक मागणं आहे, मला भंगारात देऊ नका. दर फाल्गुनात, लटारू गेला त्या दिवशी, रुखमाबाई येते, मला मांडीवर घेते, मोडक्या बटणावर अंगठा ठेवून थोडा वेळ बसते आणि निघून जाते. कुणी विचारलंच की हा फुटका डबा कशाला ठेवला, तर कोर्टात काय झालं ते सांगा. वामनरावाच्या वकिलानं तिला दरडावून विचारलं होतं, “झोपडीत तर काळोख होता, मग तुला जखमा दिसल्या कशा?”

आणि रुखमाबाई म्हणाली होती, “दिसल्या साहेब. उजेड माह्याच हातात होता.”