हत्तीणीचा ब्रेक

आत्याच्या गाडीला आमच्या घरात कुणीच गाडी म्हणत नाही. ती हत्तीण. राखाडी रंग, रुंद नाक आणि गल्लीत वळताना समोरच्याला आपोआप मागे घ्यायला लावणारा रुबाब. ती आली तेव्हा मी शाळेत होते. पहिल्याच दिवशी मी तिचं दार इतक्या वेळा उघडलं आणि लावलं की शेवटी बाबांनी मला उचलून घरात नेलं. दार लागताना आवाज असा व्हायचाच नाही, कानाला नुसता दाब जाणवायचा. एवढी जड वस्तू इतकी हळू कशी बंद होते, हा मला पडलेला बहुधा पहिला शास्त्रीय प्रश्न.

आत्या दातांची डॉक्टर. लग्न केलं नाही, मोठं घर घेतलं नाही. आयुष्यात चैन केली ती ही एकच. आत खरं कातडं, खऱ्या लाकडाची पट्टी, गिअर आपले आपण पडणारे. इतक्या वर्षांत हत्तीण रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. दवाखाना आता दुपारपर्यंतच असतो, पण दर बुधवारी आत्या गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जाते आणि तिथल्या लोकांच्या कवळ्या घासून, तासून, नीट बसवून देते. "तिथे सगळ्यांत तरुण मी असते, म्हणून जाते," असं ती सांगते. तिकडे बस जात नाही. हत्तीण जाते.

ही हत्तीण ठेवायची की विकायची, हा प्रश्न निघाला तो पार्किंगमधल्या खांबामुळे. आत्याने ती खांबावर नेऊन घातली. फार काही नाही, पुढचा दिवा फुटला आणि बंपरला पोचा आला. पण आत्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"ब्रेक मऊ झालाय," ती म्हणाली. "दाबला तरी कुठे लागतो ते कळत नाही. म्हातारी झाली बिचारी."

बाबा तिचे धाकटे भाऊ, आणि हे वाक्य ऐकायला ते बरीच वर्षं थांबले असावेत. "ताई, मी कधीचा सांगतोय. दिवा मागवायला गेलो तर दुकानदार असा बघायला लागला, जसं काही मी डायनोसॉरचं औषध मागतोय. विकून टाक. छोटी घे, नवी घे."

"चांगला दात मी आजवर उपटलेला नाही."

"अगं, तूच म्हणतेस ना ब्रेक गेलाय?"

"म्हणते. पण तपासल्याशिवाय कसं उपटायचं?" आत्या माझ्याकडे वळली. "काय गं मोजपट्टी, तू बघ. खराब निघाली तर लगेच विकते, एक शब्द बोलणार नाही. चांगली निघाली तर ठेवू."

मोजपट्टी म्हणजे मी. भौतिकशास्त्र शिकले आणि आता वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. औषधवाल्यांचे, सोनारांचे, कारखान्यांचे काटे खरं बोलतात की नाही ते आम्ही बघतो. तिथे पहिल्याच दिवशी एक नियम डोक्यात बसवतात: काटा तपासताना माणूस बदलायचा नाही. वजन ठेवणारा हात एकच हवा, आकडा वाचणारा डोळाही एकच. हात बदलला की आकडा हलतो आणि मग दोष काट्यात आहे की माणसात, ते सांगता येत नाही.

म्हणून सगळ्या चाचण्यांत गाडी मीच चालवली.

गोदामांच्या मागे एक सरळ, सुट्टीच्या दिवशी ओस पडणारा रस्ता आहे. आत्याने दवाखान्यातून कवळ्यांचे साचे करायचं पांढरं प्लास्टर आणलं आणि रस्त्यावर आडवी रेघ मारली. मी ठरावीक वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा, गाडी थांबली की उतरून अंतर मोजायचं. कोरड्या रस्त्यावर झालं, मग रस्ता ओला करून झालं. मग गाडीत वजन वाढवून. वजन म्हणजे मागच्या सीटवर बाबा.

"एवढं शिकवलं हिला," बाबा मागून म्हणाले, "आणि माझा उपयोग काय, तर पोतं."

"पोत्याने बोलायचं नसतं," आत्या म्हणाली. "आकडे हलतात."

नंतर मेकॅनिककडे नेली. त्याने चारही चाकं काढली, नळ्या बघितल्या, तेल बघितलं आणि हात पुसत म्हणाला, "हिचा ब्रेक मला द्या. माझी अख्खी गाडी तुम्ही ठेवा."

रात्रीच्या जेवणाला आत्या आमच्याकडेच होती. मी ताटं बाजूला सारायला लावून आलेख टेबलावर मांडला. खरं सांगायचं तर मला तो फार आवडला होता. सगळे ठिपके एका रेषेवर, एकही भरकटलेला नाही. "ब्रेक उत्तम आहे," मी जाहीर केलं. "मऊ नाही, उशिरा लागत नाही. इंजिनही ठणठणीत. हत्तीण ठेवायची."

बाबांनी हात वर केले. "हरलो. दिवा मागवतो बाबा तुझ्या डायनोसॉरचा."

आत्या हसली नाही. तिने आलेख हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ बघितला. "परत एकदा तपासशील?"

"का? तीनदा तपासलाय."

"मग राहू दे." तिने कागद घडी घालून परत दिला. "मी पाणी घेते."

मला रागच आला. निकाल पटला नाही की काटा परत तपासा म्हणणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे खूप येतात. आत्याही त्यातलीच निघाली असं वाटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी आलेख उचलायला वाकले तेव्हा टेबलाखाली तिची उजवी चप्पल दिसली. एकटीच, टोक पुढे करून पडलेली. आत स्वयंपाकघरात आत्या पाणी पीत उभी होती. एका पायात चप्पल आणि दुसरा पाय गार फरशीवर. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

मी चप्पल नेऊन तिच्यापुढे ठेवली. तिने खाली बघितलं, झटकन पाय घातला. "नवीन आहे, सैल होते," ती म्हणाली. चप्पल जुनी होती.

झोप लागेपर्यंत मला आत्याचा दवाखाना आठवत राहिला. लहानपणी मी तिथे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायचे. एकदा एक गृहस्थ गाल धरून आले आणि खालच्या दाढेवर बोट ठेवून म्हणाले, हीच काढा. आत्याने काढली नाही. छोट्या आरशाच्या दांड्याने ती एकेका दातावर टकटक करत गेली, आणि दर वेळी विचारायची, "दुखलं?" हा तिचा ठेवणीतला प्रश्न. खालच्या दाढेवर ते गृहस्थ गप्प होते. वरच्या दाढेवर टकटक झाली आणि ते खुर्चीतून उडालेच. ते गेल्यावर आत्या मला म्हणाली होती, "पेशंट दाखवतो तो दात लगेच धरायचा नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तिथेच दुखत असतं. पण कळ भलतीकडून येते."

मी तीन-तीनदा दाखवलेलाच दात तपासला होता. आणि कळ जिथून येत असेल ती एकच गोष्ट, गाडी चालवणारं माणूस, मी नियमाला धरून प्रयोगातून बाहेर काढली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर मी दवाखान्यात पोचले. आत्या कुणाची तरी कवळी तासत होती.

"आज तू खुर्चीत बस," मी म्हटलं.

"माझे दात माझे मी बघते."

"दात नाही बघायचे. चपला काढ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कवळी खाली ठेवली, चपला काढल्या आणि पेशंटच्या खुर्चीत बसली. मी खुर्ची आडवी केली, आरसा घेतला आणि उलटा धरला. "डोळे मीट. लागलं की सांग."

डाव्या टाचेला दांडा टेकवला. "लागलं," ती म्हणाली. डाव्या अंगठ्याला टेकवला. "लागलं. बहुतेक." मी उजव्या पायाकडे आले. अंगठा. चवडा. तळव्याचा मध्य, जिथे कुणीही पाय ओढून घेईल.

"अगं, सुरू कर की," आत्या म्हणाली.

आत्याने डोळे उघडले आणि मान उचलून बघितलं. दांडा अजून तळव्यालाच टेकलेला होता. थुंकायच्या भांड्यात पाण्याची धार बारीक आवाज करत फिरत होती.

"धरलंस," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"शुगर जुनी आहे, तुला माहीतच आहे. पाय हळूहळू गेला. भूल उतरायच्या आधी ओठ कसा असतो? असतो, पण आपला नसतो. तसा."

"मग ब्रेक का म्हणालीस?"

"आधी मला ब्रेकच वाटला गं, शपथ. खांबावर आपटले त्या रात्री पाय चाचपून बघितला तेव्हा कळलं. पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं. मग म्हटलं, बरंच झालं की. गाडी म्हातारी झाली म्हणून विकली, एवढंच लोकांना दिसेल. तू तपासायला बसलीस की काही ना काही काढशीलच. चांगल्याभल्या काट्यातही काढतेस."

"आणि मी ती ठणठणीत काढली."

"कमाल केलीस," आत्या म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. तिचं हसू आधी थांबलं. "या पायाने चालवायची नाही, एवढं मला समजतं. डॉक्टर आहे मी. खांबाच्या जागी कुणाचं पोर असतं तर? त्या दिवसापासून किल्ली हातात घेतलेली नाही. परवाच्या बुधवारी आश्रमात सर्दीचं कारण सांगितलं. दर बुधवारी सर्दी कशी होईल?" तिने घसा खाकरला. "तिथे राहायलाच जावं म्हणते. यायचा-जायचा प्रश्नच मिटला."

हा विनोद मला आवडला नाही, आणि तिलाही आवडला नसावा. ती उठली, पायाकडे बघून जपून चपला घातल्या आणि पुन्हा कवळी हातात घेतली. डोळे दुसरीकडेच होते. अंगठा कवळीच्या कडेवरून फिरला, एका जागी थांबला, मागे आला. मी नंतर त्या जागी बोट फिरवून पाहिलं, भिंगाखाली धरून पाहिलं, मला काही सापडलं नाही. आत्याने तिथे एकदाच घासलं, पुन्हा अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

"आत्या," मी म्हटलं, "तुझे हात."

"हातांचं काय?"

मग मी तिला आमच्याकडे काटे घेऊन येणाऱ्या एका व्यापाऱ्याबद्दल सांगितलं. त्याचे पाय लहानपणापासून चालत नाहीत, तरी तो स्वतः गाडी चालवत येतो. स्टिअरिंगखाली एक दांडा बसवलेला आहे. ढकलला की ब्रेक लागतो, ओढला की गाडी वेग घेते. गिअर आपले आपण पडत असतील तर तसा दांडा बसवणं सोपं जातं. परवाना मात्र नव्याने, परीक्षा देऊन घ्यावा लागतो.

आत्याने कवळी खाली ठेवली. मग तिने विचारलं, "दांडा केवढा असतो?"

बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी तिच्या पायाबद्दल चिडले. इतके दिवस लपवलं म्हणून चिडले, मग डोळे पुसले, आणि दांड्याचं ऐकून पुन्हा चिडले. "ताई, ती पाय नसलेल्या लोकांची सोय. तुला असं बघून लोक काय म्हणतील?"

"उभा जन्म लोकांना खोटे दात लावले," आत्या म्हणाली, "लाजू नका, हसा म्हणून सांगितलं. आता मला खोटा पाय लावायचा तर लाजायचं होय?"

दिवा आला, दांडा बसला. तोपर्यंत बुधवारी हत्तीण मी चालवली, प्रयोगशाळेतली माझी सुट्टी पुढेमागे करून. माझं चालवणं काही नावाजण्यासारखं नाही. चौक आला की शेजारी बसलेल्या आत्याचा उजवा पाय पायपुसण्यावर जोरात दाबला जायचा. तिला ते जाणवत नव्हतं, मला दिसत होतं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी आम्ही पुन्हा गोदामांच्या मागे गेलो. जुनी रेघ पुसट झाली होती. आत्याने नवी मारली. ती चालकाच्या जागी बसली, मी शेजारी. बाबा मागे.

पहिल्यांदा दांडा एवढ्या जोरात ढकलला गेला की बाबांचं कपाळ माझ्या सीटवर आपटलं. "पोतं हललं," आत्या म्हणाली, पण आवाज कोरडा होता. दुसऱ्यांदा रेघ कधीच मागे पडली आणि आम्ही अजून चाललोच होतो. तिने दांड्यावरचा हात काढला, रुमालाला पुसला, आणि दांडा मुठीत न धरता तीन बोटांत धरला, आरसा धरतात तसा.

तिसऱ्यांदा रेघ जवळ आली. मी मीटरकडे बघत होते, रस्त्याकडे बघत होते, थांबायच्या क्षणाची वाट बघत होते, आणि तो क्षण माझ्या हातातून निसटला. बाहेरचं गोदाम हलायचं बंद झालं तेव्हा कळलं की आपण थांबलो आहोत. माझ्या मांडीवरची मोजपट्टी घसरलीसुद्धा नव्हती.

आत्या मागे वळली.

"दुखलं?"

मागच्या सीटवर बाबांनी माझ्या सीटची डोकं टेकायची उशी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, दात आवळलेले. त्यांनी नुसती मान आडवी हलवली. "अं-हं."