दोन बोटं सैल

आमच्या दादाच्या मते माझी वहिनी जगात फक्त मला घाबरते. साफ खोटं. माझ्या तोंडाला अख्खी गल्ली वचकून असते, पण वहिनी मला 'बाईसाहेब' म्हणते आणि तिला जे करायचं तेच करते. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. कॉलेजात असताना अपघात झाला, तेव्हापासून नकली पाय लावते. दवाखाना सोडला तर तो काढलेला वहिनीशिवाय कुणी पाहिलेला नाही. दादानेसुद्धा नाही, आणि पाहायची त्याची हिंमतही नाही.

वहिनी कपडे शिवते. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन, खाली चिंध्यांची टोपली, भिंतीला शाळेचे गणवेश टांगलेले. तिने शिवलेला सदरा घालून पोर झाडावर चढलं तरी काखेत उसवत नाही. ही मी आमची म्हणून करत असलेली तारीफ नाही. मला तारीफ करायची सवयच नाही.

पायाचं काही कुरकुरलं की आम्ही दोघी नकली पाय बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये जायचो. मी आत जाऊन भांडायचे, कारण सॉकेट, म्हणजे ज्या कपात उरलेला पाय बसतो ते, मला कायम टोचायचं. मी पडद्याआडून पाय काढून द्यायचे, ते लोक घासून द्यायचे, पुन्हा टोचायचं, मी पुन्हा भांडायचे. वहिनी बाहेर काचेला नाक लावून कारागिरांचे हात बघत उभी राहायची. एकदा मी असंच तोंडसुख घेऊन बाहेर आले, तर ही भिंतीवर चिकटवलेला कागद वाचत होती. शिकाऊ उमेदवार हवा, दोन वर्षं काम करता करता शिकवू, दरमहा विद्यावेतन, वय चाळीसच्या आत.

"बाईसाहेब, मला चाळीस पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे ना?"

"चार महिने आहेत," मी म्हटलं. "का?"

तिने तो कागद पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन चौकशी करून आली.

दादाला कळल्यावर तो म्हणाला, "आता माणसांना बाह्या लावणार वाटतं!" मी त्याला म्हटलं, "तुला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही, तू गप्प बस." वहिनी मात्र खळखळून हसली आणि कामाला लागली. मशीनसमोर हाडांची चित्रं चिकटवली. इकडे पँटला दुमड घालायची आणि तिकडे पुटपुटायची, टिबिया, फिब्युला, पटेला. शाळा सुटून तिला वीस-बावीस वर्षं झाली होती. प्रवेशासाठीच्या लेखी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने जेवणाच्या ताटात पाणी वाढलं, इतकी ती तंद्रीत होती. पण पास झाली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी दिवसभर कुणावर ओरडले नाही.

आता राहिली हाताची, म्हणजे प्रत्यक्ष कामाची परीक्षा. बरेच जण उरले होते आणि जागा एकच. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती, म्हणजे आत्ता किंवा कधीच नाही.

मी सोबत गेले, बाहेरच्या बाकावर बसले. परीक्षा सोपी दिसत होती. वर्कशॉपचे जुने पहारेकरी, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांचाही एक पाय गुडघ्याखाली नव्हता. दरवर्षी ते परीक्षेसाठी आपला पाय द्यायचे. त्यावर पेन्सिलने खुणा केलेल्या, प्रत्येक खुणेवर टेप गुंडाळून घेर मोजायचा आणि लिहून द्यायचा. सगळ्यांत शेवटी वहिनी आत गेली आणि लगेच हसत बाहेर आली. आयुष्यभर मापंच तर घेतली होती तिने.

मग बाकावर बसल्या बसल्या तिचं हसू मावळलं. ती स्वतःच्या डाव्या हाताकडे बघायला लागली.

"काय झालं?"

"मी बोटं घातली."

"कुठे?"

"टेपच्या खाली. दोन बोटं. कपड्याचं माप घेताना घालते तशी. हाताला सवयच आहे हो, माणसाला श्वास घ्यायला जागा नको का?" तिचा चेहरा उतरला होता. "सगळी मापं सैल आहेत."

सैल सॉकेट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. पाय आत खाली घसरतो, हाड तळाला आपटतं, कातडं सोलवटतं. तरी मी म्हटलं, "गप्प बस. दार बंद झालंय. बाकीच्यांनी काय दिवे लावलेत कोण जाणे."

"आणि उद्या खऱ्या पेशंटचा पाय असला म्हणजे?" असं म्हणून ती उठली आणि तिने दार वाजवलं.

परीक्षा घेणाऱ्या मॅडम उंच, चष्मेवाल्या, माझ्याइतक्याच तुसड्या. त्यांच्याशी माझी चारदा तरी जुंपली होती. वहिनीने सरळ सांगितलं, की तिची मापं चुकली आहेत, अशी अशी चुकली आहेत, पुन्हा घेऊ द्या.

"मामा घरी गेले," मॅडम म्हणाल्या. "आणि पुन्हा घ्यायला आता पाय कुठून आणू?"

वहिनीने मान खाली घातली. दार लोटत निघालीच होती. मी कशी उठले मला आठवत नाही, पण मी आत शिरले, टेबलाजवळच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, "हा घ्या पाय."

खोलीत दोन कारागीर होते, एक शिपाई होता. मी त्यांच्या देखत पट्टे सोडले आणि नकली पाय काढून टेबलावर ठेवला. माझे कान तापले होते. वहिनी "अहो, नको," म्हणाली, तर मी तिच्यावर डाफरले.

मॅडम वाकल्या. माझ्या पायावरचा सुती मोजा त्यांनी चिमटीत धरून ओढला. "हा आमचा नाही. कुणी शिवला?"

"मी," वहिनी म्हणाली.

"सैल आहे. आत चुण्या पडतात. हे बघा." त्यांनी मोजा उतरवला. कातड्यावर चुणीचा लाल वळ होता, त्याच्याखाली जुन्या वळांच्या खुणा. "आणि या बाई इतकी वर्षं आमच्या सॉकेटला शिव्या देतात."

त्यांनी स्वतः खुणा केल्या. वहिनी जमिनीवर बसली, टेप गुंडाळला, आणि या वेळी बोट आत घातलं नाही. मॅडमनी नंतर तीच मापं पुन्हा घेतली, ती कागदाशी जुळली, आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही पेशंट. नातं बाजूला ठेवून सांगा. यांच्या हातात पाय द्याल?"

"तुमच्याकडे इतकी वर्षं येतेय," मी म्हटलं. "आमचं चुकलं, असं सांगायला आजवर कुणी माझ्या मागे धावत आलं नाही. ही बंद दार वाजवून सांगते. हिच्याच हातात देईन."

मॅडमना राग आला असावा. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी आठला या," त्या वहिनीला म्हणाल्या. "उशीर चालणार नाही." आणि निघून गेल्या.

मला वाटलं, आता ही उठून मला मिठी मारेल. पण ती तिथेच माझ्या पायाशी बसून राहिली.

"पहिल्या मोज्यापासून टोचत होतं?"

"हो."

"सगळ्या जगाशी भांडता तुम्ही. मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू शिवला होतास," मी म्हटलं.

तिने पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही, तशाच भरल्या डोळ्यांनी पुन्हा टेप घेतला आणि परीक्षा संपलेली असतानाही पहिल्या खुणेवर गुंडाळला.

"दुखतंय?"

"दुखतंय," मी म्हटलं. "ओढ अजून."